डब्याला झेंडूची माळ

दसऱ्याच्या दिवशी माझ्या धाकट्या भावानं, हणमंतानं, डब्याला झेंडूची माळ घातली आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली.

दसऱ्याला आपण पोटापाण्याची साधनं पुजतो, हे मलाही माहीत आहे. आमच्या गावच्या, तांबोऱ्याच्या घरात वडील होते तोवर पाटावर विळा, खुरपं आणि पेरणीची पाभर असायची. पुढे हणमंतानं ट्रॅक्टर घेतला, मग त्याला माळ पडायला लागली. या वर्षी पाटावर एक पांढरा डबा होता. झाकणाला रबरी कडं, अंगावर जैवधन निर्यात मंडळाचा शिक्का. वर हळदकुंकू, समोर आपट्याची पानं, बाजूला उदबत्ती. त्या डब्यात माझी आई रोज सकाळी शौचाला बसत होती. बरोबर वाचलंत, मागे जाऊन पुन्हा वाचू नका.

"ताई, नमस्कार कर की," हणमंत म्हणाला. "घर चालतंय ह्याच्यावर."

"तू कर. तुझं दैवत आहे."

"शिकलेल्या माणसांचं हेच वाईट. नाक आधी मुरडतात."

मी तोंड उघडणार होते, पण आईनं माझ्याकडे बघितलं, सणाच्या दिवशी नको म्हणून. ती भिंतीशी वेगळी बसली होती. तिच्या ताटात ज्वारीची भाकरी, हुलग्याची उसळ आणि ताक. बाकी सगळ्यांच्या पानात बासुंदी-पुरी. आईला सणालासुद्धा बासुंदी चालत नव्हती, कारण ती मंडळाशी केलेल्या करारात नव्हती. आणि इतक्या खटपटीनं केलेली ती बासुंदी हणमंतानं नुसती चिवडली. जेवता जेवता उठून तो दोनदा परसात जाऊन आला. मला वाटलं, माझ्यावर चिडलाय.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. व्यापार तुटीचा धडा आला की पोरं जांभया देतात, म्हणून मी तो सरळ सांगते. देश बाहेरून जास्त आणतो आणि बाहेर कमी विकतो, त्या फरकाला तूट म्हणायचं. आता हा फरक हवेत राहत नाही, कुणीतरी भरावाच लागतो. परक्यांकडून उसनं घ्या, नाहीतर घरातलं काही विका, नाहीतर आजोबांनी साठवलेली पुंजी मोडा. तूट म्हणजे पाप नव्हे. बाहेरून यंत्र आणलं आणि त्यावर उद्या माल काढला, तर तूट भरून निघते. आणलेलं नुसतं खाऊन टाकलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा भूक लागते आणि विकायला एक वस्तू कमी असते. बस, एवढाच धडा आहे. परीक्षेत मात्र तो पानभर लिहावा लागतो.

गेल्या काही वर्षांत मात्र हा धडा पुस्तकाबाहेर आला होता. सॉफ्टवेअर यंत्रंच लिहायला लागल्यावर आपली ती मोठी निर्यात बसली. आयात काही बसली नाही. तेल होतंच, शिवाय चिप, बॅटऱ्या, औषधांच्या कच्च्या भुकट्या, कानातल्या मशीनपर्यंत सगळं जहाजानं येत होतं. रुपया घसरत होता आणि विकायला काय उरलंय याची शोधाशोध चालू होती. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की जगात दुसरीकडे तयार होत नाही असा एक माल आपल्याकडे आहे, आणि तो आपल्या पोटात आहे.

आपल्या आतड्यात जिवाणूंची वस्ती असते. काही अन्न फोडतात, काही आतड्याचं अस्तर राखतात, काही शरीराच्या पहारेकऱ्यांना घरचा कोण आणि चोर कोण ते शिकवतात. श्रीमंत देशांनी दोन-तीन पिढ्या पाकिटातलं खाल्लं, खोकला आला की अँटिबायोटिक घेतलं, आणि ही वस्ती उजाड झाली. मग एक नवाच आजार पसरला. पहारेकरी बावचळले आणि शरीर स्वतःचंच आतडं कुरतडायला लागलं. लोक त्याला रिकामं आतडं म्हणतात. प्रयोगशाळेत हे जिवाणू वाढवायचे खूप प्रयत्न झाले, पण ते एकेकटे जगत नाहीत. एकाचं उष्टं दुसरा खातो, दुसऱ्याच्या उबेला तिसरा राहतो. सगळी वस्ती मिळून जगते, आणि तिला हवेचा वारा चालत नाही, ज्वारीसारख्या भरड धान्याचा चोथा लागतो. थोडक्यात, तिला राहायला माणूसच लागतो. तोही माझ्या आईसारखा, जन्मभर भाकरी खाल्लेला आणि दवाखान्याची पायरी न चढलेला.

आई मंडळाच्या वर्गवारीत 'अतिशुद्ध' होती. हणमंत गावच्या दाते संघाचा अध्यक्ष होता. स्वतः दाता नसताना कसा, हे मला विचारू नका. दूध न देणारी माणसंही दूध संघाचे अध्यक्ष असतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गावी गेले, तेव्हा आई ओसरीत पडून होती. डावा पाय उशीवर, त्यावर हळदीचा लेप.

"काय झालं?"

"बाभळीचा काटा. मोडून आत राहिला वाटतं," आई म्हणाली. "जाईल की."

मी कपाळाला हात लावला, तर चटका बसला. पाय घोट्यापासून टरारून सुजला होता आणि नडगीवर लाल रेघ वर चढत होती. इतकं मलाही कळतं. मी हणमंताला हाक मारणार, तेवढ्यात दारात गोदाक्का आल्या. शेजारच्या घरच्या, आई लग्न होऊन आली तेव्हापासूनच्या तिच्या मैत्रीण. हातात वाटी.

"कलाबाई, जरा विरजण दे गं. माझं दही फाटलं."

आमच्या गावात विरजणाचे पैसे कुणी घेत नाही आणि विरजणाला नाही कुणी म्हणत नाही. मागणाऱ्यानं आपली वाटी घेऊन यायचं, दिवेलागणीच्या आत यायचं, एवढंच. आईचं विरजण तिच्या सासूकडून आलेलं. निम्म्या गावाचं दही त्यावर लागायचं.

हणमंत आतून आला आणि दाराच्या मधोमध उभा राहिला. "गोदाक्का, सांगितलंय ना. आता देता येत न्हाई. करारात हाय."

"आरं, दह्याचा कसला करार?"

"आईच्या भांड्यातलं काय बी बाहेर द्यायचं न्हाई. तिच्या पोटाचा गुण त्यातनं जातो म्हणत्यात. पाकीट घ्या की दुकानातनं."

गोदाक्कांनी वाटी पदराआड घेतली. इतकी वर्षं ज्या घरातून कधी रिकाम्या गेल्या नव्हत्या, तिथून रिकामी वाटी घेऊन त्या गेल्या. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला हणमंताची अशी शिसारी आली की क्षणभर मी आईचा पायसुद्धा विसरले.

"गाडी काढ," मी म्हणाले. "आईला सोलापूरला न्यायचं. पायात विष चढतंय."

"संकलन केंद्राच्या डॉक्टरांनी बघितलंय. लेप दिलाय, तापाची गोळी दिलीय."

"तिला अँटिबायोटिक लागणार."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आईच्या तोंडात एंड्रिन ओतायला निघाले होते. "ताई, खुळी का तू? एक गोळी पोटात गेली की संपलं. वर्ग जातो. परत तपासणी, परत दोन वर्षं थांबा, आणि तरीबी मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई."

"आणि पाय गेला तर?"

"जात न्हाई पाय. आपली माणसं काट्यानं मरत्यात व्हय?"

"मरतात. आजोबा कशानं गेले, विचार तिला."

गावच्या मेडिकलमध्ये अँटिबायोटिकची एक पट्टी मिळेना. जैवधन क्षेत्रात ती ठेवायलाच बंदी होती. म्हणजे बाहेरून आणलेल्या भुकटीचं औषध बाहेरच विकायचं आणि आतल्या माणसानं आतल्या आत सडायचं. मी परत येते तो मंडळाचे अधिकारी ओसरीत खुर्ची टाकून बसलेले. कुलगोड त्यांचं नाव. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातावर जंतुनाशक चोळणं चालू. हणमंतानंच बोलावलं होतं.

"मॅडम, आपण अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. आपल्याला वेगळं सांगायला नको," ते म्हणाले. "देशाची तूट किती आहे. अशा वेळी माताजींसारखे दाते म्हणजे सीमेवरचे जवानच. थोडा त्रास सोसावा लागतो."

"जवानाला गोळी लागली तर तुम्ही काढत नाही का?"

"आम्ही निरीक्षणाखाली ठेवलंय ना. सकाळचं संकलन मात्र चुकवू नका. ताप असला तरी जैवधनाची प्रत टिकते."

"गू म्हणा. तुमच्या तोंडाला काही चिकटत नाही."

ते हसले. असल्या माणसांना शिवी दिली तरी ती त्यांच्या अंगावरून पाण्यासारखी वाहून जाते. आतून आई म्हणाली, "सारिका, भांडू नगं. पोरगं कधी न्हाई ते मान ताठ करून चालतंय गावात. माझं काय, पिकलं पान." हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. पिकलं पान म्हणे, आणि त्या पानाचा देठ धरून हे सगळे ओढत होते.

मी माझी गाडी दारात लावली. हणमंत गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "आईला न्यायचं असलं तर माझ्या अंगावरनं ने," असली भाषा. गल्ली गोळा झाली. तेवढ्यात त्याची बायको अनुराधा आतून आली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं आईच्या चपला गाडीत ठेवल्या, लुगड्याचं बोचकं ठेवलं, मग आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. गोदाक्कांनी दुसरी बाजू धरली. हणमंत बायकोकडे बघत गाडीसमोरून बाजूला झाला.

सोलापुरात डॉ. नसरीन बागवान यांनी पाय बघितला आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मी खरं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "या महिन्यातली ही काही पहिली नाही," म्हणाल्या.

आई वाचली. दोन बोटं कापावी लागली, पाय राहिला. पण विष रक्तात गेलं होतं, म्हणून साधं औषध पुरलं नाही. जोरदार औषधांच्या बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागल्या आणि त्यांनी आईच्या पोटातली ती जन्मभराची वस्ती पुसून टाकली. जखम भरत आली तशी आई खंगायला लागली. भाकरीचा तुकडा पचेना. पाणी प्यायली तरी पोटात कळ यायची, रक्त पडायचं.

"रिकामं आतडं," डॉक्टर म्हणाल्या. "आमचा वरचा मजला याच पेशंटनी भरलाय. शहरातली सगळी पाकिटं खाणारी माणसं. यावर एकच औषध आहे. बेलोरा."

त्यांनी कॅप्सूलचं खोकं माझ्या हातात दिलं. परदेशी बनावटीचं, चकचकीत. त्यावर एक चित्र होतं. ज्वारीच्या शेतात डोक्यावर पदर घेतलेली बाई हसतेय. खाली बारीक अक्षरात कच्च्या मालाचा देश लिहिला होता, तो आपलाच. किंमत बघून मी खोकं टेबलावर ठेवलं, हातातून पडेल या भीतीनं.

"आपल्याकडूनच जातं आणि आपल्यालाच विकतात?"

"गाळतात, सुकवतात, कॅप्सूलमध्ये भरतात. तुमच्या आईच्या एका डब्यात किती पेशंट बरे होतील, याचा हिशोब मी करायचं सोडलंय. आणि ते जन्मभर घ्यावं लागतं, कारण सुकवताना निम्मी वस्ती मरते. रुजत नाही."

बातम्यांत रोज जैवधनाची निर्यात किती वाढली ते सांगायचे. बेलोराची आयात किती वाढली ते कुणी सांगत नव्हतं. कच्चा माल स्वस्तात द्यायचा आणि पक्का माल महागात आणायचा, हे मी दरवर्षी फळ्यावर कापसाचं उदाहरण देऊन शिकवते. तूट भरून काढायला जी वस्तू विकली, तिनंच तूट वाढवली होती. मी त्या दवाखान्याच्या बेसिनमध्ये ओकले, अगदी खरोखरच.

संध्याकाळी अनुराधा आली. पिशवीतून तिनं बेलोराचं एक अर्धं संपलेलं खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"आत्याबाईंना द्या. एवढंच उरलंय." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"हे घेत्यात." ती नवऱ्याबद्दल बोलत होती. "दोन वर्षं झाली. बाहेरचं पाकिटातलं खाऊन आधी नुसतं पोट दुखायचं, मग रक्त पडाय लागलं. ह्या गोळ्या चुकल्या की आडवं होत्यात. आत्याबाईंचं जे येतं ते सगळं ह्यातच जातंय, वर माझं गळ्यातलं डोरलं गेलं. गावात कुणाला कळू देऊ नको म्हणत्यात. दाते संघाचा अध्यक्ष आणि त्याच्याच पोटात काय न्हाई, तर लोक हसतील म्हणं."

म्हणून तो बासुंदी सोडून परसात पळत होता. म्हणून गाडीपुढे आडवा येत होता. आईचा माल बाहेर विकायचा, त्या पैशात आईच्याच मालाची पुडी परदेशातून आणायची, ती गिळायची, आणि उद्या पुन्हा डबा. आणि मी तीस वर्षं पोरांना फळ्यावर आकडे लिहून हे शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी हणमंत स्वतः आला. भिंत धरून उभा राहिला. आईला सगळं कळलं होतं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर जवळ घेईल.

"एकाच घरात ऱ्हात हुतो न्हवं आपण?" ती म्हणाली.

"आई..."

"मला मागायचं हुतंस की रं. मी काय न्हाई म्हणले असते?" तिनं श्वास घेतला. "परदेशातनं मागवलंस, आणि आईला मागाय लाजलास. आता माझ्यात बी काय उरलं न्हाई."

हणमंत खाली बसला. मला त्याची कीव यायला हवी होती, असं लोक म्हणतील. मला किळसच आली. घरात भरलेली कणगी आणि हा गडी बाजारातून पीठ आणतोय, तेही आईला उपाशी ठेवून.

आईला वाचवलं ते गोदाक्कांनी. त्या बसनं आल्या, खाटेशी बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हिचं विरजण मी जन्मभर खाल्लंय. हिच्याबरोबर एका ताटात जेवलेय. माझ्यात जे हाय ते हिचंच हाय. काढा आणि घाला हिच्यात." गोदाक्कांची नोंद मंडळाकडे नव्हती. अंगठा द्यायला त्या गेल्याच नव्हत्या.

डॉ. नसरीन हसल्या, मग गंभीर झाल्या. निर्यातीच्या मालाचा घरगुती वापर हा गुन्हा होता. पण प्रक्रिया सोपी होती. ताजं जैवधन मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, नळीनं थेट आतड्यात सोडायचं. न सुकवता दिलं की वस्ती जिवंत जाते आणि रुजते. "तपासून घेते सगळं," त्या म्हणाल्या. "कागदावर मी आतडी धुतली असं लिहीन. खोटं नाहीच ते."

सकाळी गोदाक्कांचं भांडं खालच्या मजल्यावरून वर मी नेलं. दसऱ्याच्या दिवशी ज्या गोष्टीनं माझं अन्न तुटलं, तीच मी दोन्ही हातांत धरून जिना चढत होते. वास येत होता. मळमळलं मात्र नाही.

थंडी सरता सरता आई माझ्या सोलापूरच्या घरात काठी टेकत हिंडायला लागली. भाकरी पचू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वस्ती रुजली, पूर्वीसारखी. ही बातमी तांबोऱ्यात कशी पोचली कोण जाणे. कुलगोड यांचा फोन आला, माताजींची फेरनोंदणी करता येईल म्हणाले. मी फोन आईच्या हातात दिला. आईनं तो उलटा धरून टेबलावर ठेवून दिला आणि शेंगा सोलत बसली.

मग एका दुपारी हणमंत आला. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबतोय. बेलोरा बंद झाली होती, कारण ती आणायला पैसा उरला नव्हता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात डबा होता. तोच पांढरा, शिक्क्याचा. दसऱ्याची सुकलेली माळ अजून त्याच्या कडीत अडकली होती.

"आई," तो म्हणाला, "मला देशील का?"

मी आईच्या पुढे झाले. माझ्या तोंडात जे होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आईनं काठीनं मला बाजूला केलं.

"ह्यात मागाय आलास?" तिनं डब्याकडे बघितलं.

हणमंतानं डब्याकडे बघितलं. त्याला दुसरं भांडं सुचलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घरातनं निघताना हात आपोआप तिकडेच गेला असणार.

"माझं विरजण मागाय लोक वाटी घिऊन येत्यात," आई म्हणाली. "घरची वाटी आण. आणि जाताना गोदाक्काच्या दारात जा. तिला रिकामी लावलीस, तिला आधी विचारून ये."

द्यायचं ते काही वाटीत द्यायचं नव्हतं, डॉक्टरांकडे वेगळं भांडं असतं, हे आईलाही माहीत होतं आणि त्यालाही. तो दोन पावलं मागे झाला.

"तांबोऱ्याला जाऊन परत यायचं म्हंजे..."

"दिवेलागणीच्या आत ये. न्हाईतर उद्या ये."

डबा दारातच ठेवून तो जिना उतरून गेला. मी झाडूच्या टोकानं डबा कोपऱ्यात सरकवला आणि त्या जागी फिनेलचा बोळा फिरवला. आई गॅलरीत जाऊन उन्हाकडे बघत बसली. दिवेलागणीला अजून वेळ होता.